खसखशीएवढा ठिपका

सुईत दोरा ओवताना त्या सुईकडे पाहत नसत. समोरच्या भिंतीकडे पाहत.

चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत. सापडला की स्वतःलाच म्हणत, "शहाणी आहेस."

डबा खायच्या आधी हात धुवायच्या. खाऊन झाल्यावर पुन्हा, पण दुप्पट वेळ, कोपरापर्यंत. तेलाचं बोट कागदाला लागलं तर कागद ते कधी विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कुणी पुस्तक उघडं पालथं टाकलेलं दिसलं की न बोलता उचलून मिटायच्या. बँकेत, दवाखान्यात, परक्याच्या घरीसुद्धा. पानाची खूण म्हणून पदराच्या टाचणीला अडकवलेली एखादी कागदाची पट्टी घालायच्या. पट्ट्या नेहमी जवळ असत.

पुस्तक हातात आलं की आधी पाठीवरून अंगठा फिरवायच्या, वरून खाली. मग वास. नाव सगळ्यात शेवटी.

रागावल्या की त्यांचं काम जास्त सुबक व्हायचं. हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या मंगळवारी त्या गेल्या. सकाळी, घरी, केस विंचरताना. मी साहित्यात पदवी घेतली आहे, दोनदा. मंगळवारपासून मला एक धड वाक्य सुचलेलं नाही. सवयी तेवढ्या आठवतात. म्हणून त्या आधी लिहिल्या.

आमची ओळख एका पुस्तकामुळे झाली. मी तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुपारी ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर अर्धवेळ काम करत होते. मला प्रबंधिकेसाठी स्त्रीवादी सिद्धांताचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं. नोंदवहीत त्याच्यापुढे शिक्का होता: बांधणीस. चार महिने झाले होते. शेवटी मी तळघरात उतरले.

तळघरात बांधणी विभाग म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला उंच खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत. खिडकीखाली मोठं टेबल, त्यावर विजेची शेगडी, पितळी अक्षरांचे ठसे लाकडी घरात रांगेनं लावलेले. ते बांधणी करणाऱ्या मिस्त्रींचं टेबल. दुसऱ्या टोकाला, जिथं उजेड पोचता पोचता दमायचा, तिथं एक बुटकं टेबल आणि ट्यूबलाइट. तिथं त्या बसल्या होत्या. माझं पुस्तक त्यांच्यापुढे सुटं पडलं होतं, सोळा-सोळा पानांच्या घड्यांमध्ये. या घडीला फर्मा म्हणतात. एकेक फर्मा मधोमध उघडायचा, घडीतून सुई आतबाहेर करायची, आणि शेजारच्या फर्म्याला बांधायचा. जुनी पुस्तकं अशी शिवतात.

"मावशी, हे मला हवंय," मी म्हटलं.

"माझी एकही बहीण नाही," त्या म्हणाल्या. "मी मावशी कशी झाले?"

सगळं ग्रंथालय त्यांना शिलाईमावशी म्हणायचं. पलीकडे मिस्त्री होते. ते त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. तेसुद्धा मावशी म्हणायचे.

"बस," त्या म्हणाल्या. "हे वाचलंयस तू?"

"नाही अजून."

"मग काय उपयोग." त्यांनी एक फर्मा उचलला. "हे बघ. चोवीस-पंचवीस पानावर ही बाई विचारते, अमुक काम बायकांचं आणि तमुक पुरुषांचं, हे ठरवलं कुणी? बरं. चाळिसाव्या पानावर ती एकदम कारखान्यात उभी. मध्ये झालं काय? उत्तर मिळालं तिला की नाही?"

मला कळेना. मग कळलं. सोळा पानांची घडी मधोमध उघडली की दोनच पानं समोर येतात. आठ-नऊ. चोवीस-पंचवीस. चाळीस-एक्केचाळीस. शिवताना हात चालू असतात, डोळे मोकळे असतात. एकतीस वर्षं त्या प्रत्येक पुस्तकाची फक्त मधली पानं वाचत आल्या होत्या.

"आणि बाकीची?"

"बाकीची वाचायला थांबले तर मिस्त्री ओरडतील. आणि घरी न्यायला मी काही वाचक सभासद नाही."

त्या दिवशी मी तिथं बसून पंचविसाव्या पानानंतरचं त्यांना वाचून दाखवलं. त्या शिवत होत्या. एकदोनदा हसल्या. एकदा म्हणाल्या, "हे तिनं उगाच लांबवलंय." ते खरं होतं.

मग रोजच जाऊ लागले. देवघेव खिडकी चारला बंद व्हायची. मी सव्वाचारला तळघरात. मावशी म्हणायचं नाही म्हटल्यावर मी नुसतं "अहो" म्हणायला लागले. आठवडाभर त्यांनी ते चालवून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, नवऱ्याला मारतात तशी हाक काय मारतेस? माझा नवरा ऐकेल तर घाबरेल."

त्यांना सिद्धांत तुकड्यातुकड्यांनी येत होता, पण जो तुकडा येई तो पक्का. लिंगभाव हा शब्द त्यांना माहीत होता. बाई असणं शरीरातून येतं आणि बाईसारखं वागणं शिकवलं जातं, हे त्यांनी कुठल्यातरी पुस्तकाच्या छप्पन्नाव्या पानावर वाचलं होतं. "सत्तावन्नाव्यावर तिनं उदाहरण दिलंय बाहुलीचं. मला नाही पटलं. आमच्याकडे बाहुली नव्हतीच. सुई होती."

मी एकदा म्हटलं, तुमचं काम म्हणजे उपजत कला वगैरे असणार. मी कौतुकानं म्हटलं होतं.

त्यांनी सुई थांबवली. "उपजत? आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलंय मला. टाका वाकडा गेला की उसवायला लावायची. सात वर्षं. मिस्त्री इथं सहा महिने शिकले, त्याला शिक्षण म्हणतात. माझं उपजत."

पलीकडून मिस्त्री म्हणाले, "मावशी, पुराण आवरा. फर्मे द्या."

"देते. सहा महिन्यांचं शिक्षण झालेल्या माणसाला थोडी वाट बघता यायला हवी."

मिस्त्री हसले. दोघांचं असंच चालायचं. मिस्त्री तोंडानं तिखट होते, पण कुत्सित नव्हते. उंच, नीटनेटके, हात बहुतेक वेळ पँटच्या खिशात. मला वाटायचं, ऐट आहे.

खोलीतली वाटणी जुनी होती. घड्या घालणं आणि शिवणं बाईनं करायचं. कापणं, कातडं चढवणं, आणि शेवटी पुस्तकाच्या पाठीवर सोन्याचा वर्ख लावून गरम ठशानं नाव उमटवणं, हे पुरुषानं. का, तर गरम पितळ बायकांच्या हाताला पेलत नाही. "घरी चुलीवरून पातेलं कोण उतरवतं?" त्या विचारायच्या. पण हसत, सहज, जशी हवेबद्दल तक्रार करावी. सेवापुस्तकात मिस्त्रींचं पद होतं बांधणीकार. त्यांचं होतं शिलाई मदतनीस. मदत कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं.

मला या खोलीत माझी प्रबंधिका सापडली. मी चाळीस पानांचं एक प्रकरण लिहिलं. शिवण आत असते, दिसत नाही. पुस्तक तिच्यावर उभं असतं. सोन्याची अक्षरं बाहेर असतात, झळकतात. ती नसली तरी पुस्तक पुस्तकच राहतं. शिवण बाईची, अक्षरं पुरुषाची. श्रम अदृश्य, नाव दृश्य. मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिलं: अप्रतिम. मी हवेत होते.

ते प्रकरण घेऊन मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हातात सोलाणं, खांद्यावर पंचा.

"या. ती आत गुडघे शेकतेय. मी बटाटे सोलतोय."

"स्वयंपाक तुम्ही करता?" मी जरा जास्तच आनंदानं विचारलं.

"आमच्याकडे स्त्रीवाद वगैरे नाही हो," ते म्हणाले. "गुडघे आहेत. तिला उभं राहवत नाही, मला राहवतं."

आतून आवाज आला, "आणि मीठ कोण विसरतं तेही सांगा."

मी त्यांच्या हातात कागद दिले. चाळीस पानं, एका बाजूला छापलेली, सुटी. त्यांनी आधी वास घेतला. मग म्हणाल्या, "सगळी वाचायची?"

"सगळी."

"सलग?" त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. चांगली खुर्ची मिळालेल्या पाहुण्यासारखा संकोचलेला.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मी तळघरात गेले तेव्हा मिस्त्री चहाला वर गेलेले होते. माझे कागद टेबलावर एकसारखे रचून ठेवले होते. त्या शिवत होत्या. टाके फार सुबक पडत होते.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "भाषा छान आहे. पण चूक आहे."

"कुठं?"

"सगळीकडे." त्यांनी सुई खाली ठेवली. उठल्या, उजवा गुडघा आधी, मग डावा. मिस्त्रींच्या टेबलाशी गेल्या. तिथं आदल्या आठवड्यात झालेलं एक पुस्तक पडलं होतं, पाठीवर सोन्याची अक्षरं. "हे कुणाचं?"

"मिस्त्रींचं."

"कशावरून?"

मी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"पुरुषाचं काम म्हणून," त्या म्हणाल्या. "ग्रंथपालसरांनाही तसंच वाटतं. पण ते हे असलं काही वाचत नाहीत. तू वाचतेस."

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग ठसा सरळ टेकेना इतका. सोन्याचं काम एका दाबाचं असतं. ठसा तापवायचा, ओल्या स्पंजवर टेकवून चुर्र आवाजावरून उष्णता ओळखायची, आणि अक्षर एकदाच दाबायचं. हात हलला की अक्षर दुहेरी उमटतं, कातडं जळतं. मिस्त्रींनी चार पाठी खराब केल्या. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि म्हणाले, मावशी, इकडे या, मी सांगतो तसं करा.

"शिकायला किती दिवस लागले?"

"एकतीस वर्षांतली बावीस तर बघण्यातच गेली होती. हाताला दोन महिने." त्या हसल्या नाहीत. "तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत कडी. मी अक्षरं काढते, ते दाराशी स्टुलावर बसतात. कुणी वाजवलं तर ओरडतात, 'सोनं उघडं आहे, वारा लागेल, नंतर या.' वर्ख उडतो ना वाऱ्यानं. ते खरंच आहे. म्हणून कुणाला शंका नाही."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? नऊ वर्षं?"

"बोलले असते तर त्यांना घरी बसवलं असतं आणि नवा मिस्त्री आणला असता. मला थोडंच बसवणार होते या टेबलाशी. आत्ता निदान काम तरी माझ्याकडे आहे." मग म्हणाल्या, "त्यांना हात थरथरतो हे सांगता येत नाही, पुरुष ना. मला येतं हे सांगता येत नाही. एकच दुखणं दोघांना. औषध मात्र त्यांनाच मिळतं."

मी माझ्या कागदांकडे पाहिलं. अप्रतिम. मी त्यांना अंधाऱ्या टेबलाशी बसवून ठेवलं होतं, आणि वर त्याला नाव दिलं होतं. ग्रंथालयानं केलं तेच. फक्त तळटीपा देऊन.

"कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला उदाहरण करायचं नाही."

मी ते प्रकरण काढून टाकलं. मार्गदर्शक बाई नाराज झाल्या. मी कारण सांगितलं नाही.

त्याच वर्षी मिस्त्री निवृत्त व्हायचे होते. बांधणीकाराचं पद भरायचं ठरलं. सूचना फळ्यावर लागली: ठसेकामाचा अनुभव आवश्यक. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. त्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. बाहेरचा माणूस आला तर तो काही दाराला कडी घालून त्यांना शेगडीपाशी उभं करणार नव्हता. सोनं कायमचं सुटणार होतं. हे त्यांनी मला बोलून नाही दाखवलं. एवढंच म्हणाल्या, "अर्ज मराठीत चालेल ना?"

अर्जात अनुभवाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: शिलाई, एकतीस वर्षे. ठसेकाम, करून दाखवीन.

ग्रंथपालसर चांगले गृहस्थ. त्यांना गंमत वाटली, पण त्यांनी अर्ज फेटाळला नाही. समितीत तिघे होते: सर स्वतः, छपाई शिकवणारे एक बाहेरचे तज्ज्ञ, आणि जाणकार म्हणून मिस्त्री. चाचणी तळघरातच झाली. एक पुस्तक समोर पूर्ण करायचं, पाठीवरच्या नावासकट. मला खालून निरोप आला की तुलनेसाठी मिस्त्रींच्या हातचं एखादं पुस्तक रॅकमधून घेऊन ये. मी आणलं. पाच वर्षांपूर्वीचं. ते कुणाच्या हातचं होतं, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं: त्यांना, मिस्त्रींना आणि मला.

दार उघडं होतं. त्या पहिल्यांदाच उघड्या दारानं ते काम करत होत्या. सोनं धरावं म्हणून पाठीला अंड्याचं पांढरं ब्रशनं लावलं, वाळू दिलं. त्यावर वर्ख ठेवला. ठसा स्पंजवर टेकवला, आवाज ऐकला, श्वास सोडला आणि दाबला. बारा अक्षरं. मध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. फडक्यानं जादा सोनं पुसलं आणि पुस्तक समितीपुढे ठेवलं.

तज्ज्ञांनी दोन्ही पुस्तकं शेजारी धरली. भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "हुबेहूब मिस्त्रींचा हात. अक्षरांमधलं अंतर, दाब, सगळं." मग भिंग खाली ठेवलं. "पण बाई, ही नक्कल झाली. तुमचा स्वतःचा हात कुठाय?"

त्या फडक्याची घडी घालू लागल्या.

"मिस्त्री, तुमचं मत?"

मिस्त्रींचे हात खिशात होते. ते खिडकीकडे पाहत होते. बाहेरून कुणाचे तरी पाय चालले होते.

"शिलाई उत्तम आहे," मिस्त्री म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्या माझ्याकडे बघू लागल्या. मी मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेले. "तुम्ही बोलला का नाहीत? एक वाक्य पुरलं असतं!"

"माझं काम दाखवायला गेले होते, ते दाखवलं," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात दाखवणं माझं काम नाही. ज्याचा हात त्यानं दाखवावा."

"आणि नाही दाखवला तर?"

जेवणाची सुट्टी झाली होती. मिस्त्री नेहमीसारखे उठले, दाराशी गेले. त्या डबा घेऊन माझ्यासोबत बाहेर पायरीवर येऊन बसल्या. मिस्त्री कडीला हात लावून उभे.

"मावशी, सहा पाठी आहेत आज."

"दिसल्या मला. तुम्ही करा."

"मी?"

"मी मदतनीस आहे, मिस्त्री. काही मदत लागली तर हाक मारा."

तीन दिवस शेगडी थंड राहिली. सहाच्या चौदा पाठी झाल्या. त्या आपल्या टेबलाशी बसून शिवत होत्या. ते टाके मी नंतर मुद्दाम पाहिले आहेत. इतके सारखे टाके मी कधी पाहिले नाहीत.

चौथ्या दिवशी ग्रंथपालसरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. "तू साहित्याची ना? जुनी हस्तलिखितं वाचता येतात ना तुला? हे लाव बरं. मिस्त्रींचं पत्र आहे. मला काही लागत नाही."

एक पान. शाईनं लिहिलेलं. ओळी वर-खाली गेलेल्या, अक्षरं एकमेकांवर चढलेली, काही ठिकाणी टाकानं कागद फाटलेला. मिस्त्रींना मुलगा आहे, सून आहे. कुणाकडूनही लिहून घेता आलं असतं. टाइप करून घेता आलं असतं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

"गेल्या नऊ वर्षांतली सोन्याची अक्षरे माझी नाहीत. ती कुणाची ते आपण त्या दिवशी पाहिले. नक्कल त्यांनी केली नाही, नाव मी वापरले. माझा हात आपल्यासमोर आहेच."

सरांनी पत्र परत मागून घेतलं. आता त्यांना ते नीट वाचता येत होतं.

पद त्यांना मिळालं. महिना गेला त्यात, कागद खालीवर झाले, पण मिळालं. ग्रंथालयाची मात्र पंचाईत झाली. यांना हाक काय मारायची? शिलाईमावशी म्हणता येईना. बांधणीकारबाई तोंडात बसेना. एका दुपारी मी सव्वाचारला तळघरात गेले आणि दारातूनच म्हटलं, "मिस्त्री, आत येऊ का?"

त्यांनी मान वर केली नाही. "ये," म्हणाल्या. "दार उघडंच आहे." पण पुढचा टाका चुकला. त्यांचा टाका चुकलेला मी एकदाच पाहिला.

मग त्यांनी ग्रंथपालसरांकडे एक परवानगी मागितली. नऊ वर्षांत त्यांनी नाव काढलेलं प्रत्येक पुस्तक शोधून त्याच्या पाठीवर, अगदी खाली, एक सोन्याचा ठिपका द्यायचा.

"कशाला?" सरांनी विचारलं. "पद मिळालं, पत्र आहे फायलीत."

"फाइल तुमच्या कपाटात आहे. पुस्तकं रॅकमध्ये आहेत."

"नाव घालायचं म्हणता?"

"नाव नको. माझ्या नावात बापाचंही येतं, नवऱ्याचंही येतं. ठिपका माझा एकटीचा."

सरांनी अट घातली: खसखशीएवढाच. त्या म्हणाल्या, खसखशीएवढाच.

रोजचं काम संपवून दिवसाला पाच-सहा पुस्तकं होत. रॅक एकपासून सुरुवात केली. कुठलं पुस्तक त्यांचं आणि कुठलं मिस्त्रींच्या चांगल्या दिवसांतलं, हे ओळखणं बाहेरच्याला अशक्य होतं; बांधणीची तारीख पुस्तकावर लिहायची पद्धत नव्हती. तज्ज्ञांनीच ते भिंग लावून सिद्ध केलं होतं. त्या पाठीवरून अंगठा फिरवत आणि सांगत. बुधवारी जुने मिस्त्री येत. हात आता खिशात नसत. मांडीवर थरथरत पडलेले असत, आणि कुणी त्यांच्याकडे पाहत नसे.

"हे तुमचं," त्या म्हणायच्या.

"नाही, हे तुमचं आहे."

"इतकं वाकडं मी काढत नाही."

"म्हणजे मी काढतो?"

"काढत होतात."

मिस्त्री मोठ्यानं हसायचे. ते आता त्यांना मावशी म्हणत नसत. काहीच म्हणत नसत. एका बुधवारी मी विचारलं, तुम्ही यांना काय हाक मारता? ते म्हणाले, "समोर असल्यावर हाक कशाला लागते?"

त्याच सुमारास त्यांनी वाचनाचं कार्ड काढलं. पहिलं पुस्तक नेलं ते पहिल्या दिवशीचं, त्यांनीच शिवलेलं. पहिल्या पानापासून वाचलं. परत देताना म्हणाल्या, "पंचविसाव्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर तिनं कुठंच दिलेलं नाही गं. मी उगाच तिला नावं ठेवत होते, मला वाटलं माझंच मधलं राहिलंय."

माझ्याबद्दल एकदाच विचारलं. "ते प्रकरण पुन्हा लिहिलंस?"

"तुम्ही नको म्हणालात."

"तेव्हा म्हणाले होते. आता लिही. पण उदाहरण म्हणून नाही. सलग लिही."

मी हो म्हटलं. आणि लिहिलं नाही. वेळ आहे असं वाटत होतं.

मंगळवारी खबर आली. बुधवारी जुने मिस्त्री ठरल्या वेळी तळघरात येऊन बसले. काल ग्रंथपालसरांनी मला किल्ली दिली. त्यांचं टेबल, आता खिडकीखालचं, जसंच्या तसं होतं. ठसे घरात लावलेले. चष्मा नव्हता, तो डोक्यावरून घरी गेला असणार. लाकडी शिकंज्यात एक पुस्तक आवळलेलं होतं, पाठ वर करून.

मी वर जाऊन रॅक पाहिले. एकूण सव्वीस. अकराव्या रॅकच्या तिसऱ्या कप्प्यापर्यंत ठिपके आहेत. बोटानं मोजत गेले नाही, नुसता अंगठा फिरवला. खाली पोचला की बारीक खडबडीत लागतं. तिसऱ्या कप्प्यात एका पुस्तकाची जागा रिकामी आहे. तिथं कागदाची पट्टी घातली आहे, टाचणीची दोन भोकं असलेली. तिच्या पुढच्या पंधरा रॅकमध्ये त्यांची किती पुस्तकं आहेत ते कुणाला ठाऊक नाही. मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "मला नाही ओळखू येत. तिलाच यायचं."

सर म्हणाले, कुणाकडून तरी पूर्ण करून घेऊ. उरलेली सगळीच त्यांची धरायची आणि ठिपके द्यायचे. मी नको म्हटलं. ठिपका त्यांचा एकटीचा होता.

शिकंज्यातलं पुस्तक मी तसंच ठेवलं आहे. पाठीच्या तळाशी अंड्याचं पांढरं लावून वाळवलेलं आहे. दिवा तिरका धरला तर तेवढी जागा चकाकते, खसखशीएवढी. वर्खाची वही शेजारी उघडी आहे, पहिलं पान कापलेलं. सोनं अजून ठेवलेलं नाही.